सदनिकेतील श्वान : वळण आणि वर्तन

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांमध्ये पाळीव कुत्रा ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील पांढऱ्याशुभ्र ‘टफी’ने आणि २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतील पगने मध्यमवर्गीय घरांना कुत्र्याची ओढ लावली. त्यानंतर लॅब्रेडॉर, बीगल, शिह त्झू आणि थेट बर्फाळ प्रदेशातील हस्कीपर्यंत अनेक जाती उपनगरातील दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांत येऊन दाखल झाल्या. पिल्लू आणण्याचा निर्णय बहुधा एखाद्या वाढदिवसाच्या निमित्ताने, एका संध्याकाळी होतो. त्याला वळण लावण्याची जबाबदारी मात्र पुढील दहा-बारा वर्षांची असते.

या जबाबदारीकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत प्रथम शेजारी मोजतात, नंतर कुटुंब आणि सर्वांत शेवटी तो मुका जीव. भुंकण्याच्या तक्रारी, फाटलेला सोफा, लिफ्टमध्ये घेतलेला चावा, सोसायटीची नोटीस आणि अखेर एखाद्या निर्जन रस्त्यावर सोडून दिलेला, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा, असा हा उतरता क्रम आहे. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. हा क्रम बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा असतो. कारण ज्याला ‘वाईट वागणूक’ म्हटले जाते, ती बहुतांशी कुत्र्याच्या स्वभावातून येत नाही. घरातील माणसांनी नकळत दिलेल्या शिकवणीतून ती येते.

शिकण्याचे शास्त्र

प्राणी कसे शिकतात, याचा पाया दोन शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत सापडतो. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी दाखवून दिले, की अन्नाशी सतत जोडला गेलेला संकेत नुसता मिळाला तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दुसरा नियम मांडला. ज्या कृतीचा शेवट सुखद होतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो. श्वानप्रशिक्षणाच्या साऱ्या पद्धती या दोन नियमांवर उभ्या आहेत. कुत्र्याच्या प्रत्येक त्रासदायक सवयीबाबत ‘यातून त्याला काय मिळते?’ हा एकच प्रश्न विचारला, तरी निम्मा उलगडा होतो.

‘कुत्र्याला आपण मालक आहोत हे दाखवून द्यावे लागते’ हा समज अजूनही प्रचलित आहे. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांच्या केलेल्या अभ्यासात आहे. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे एकत्र कोंडल्याने त्यांच्यात वर्चस्वाची भांडणे होत. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर पोहोचवली. मात्र मोकळ्या लांडग्यांचे कळप प्रत्यक्षात आई-वडील आणि पिल्ले यांचे कुटुंब असतात, हे याच मेक यांनी १९९९ च्या शोधनिबंधात स्पष्ट केले. कुत्र्याला जमिनीवर दाबून धरणे, मानगूट पकडून हलवणे, नाक शीमध्ये घासणे या प्रकारांना त्यामुळे कोणताही शास्त्रीय आधार उरलेला नाही. अशा शिक्षेतून कुत्रा शिस्त शिकत नाही. तो माणसाच्या हाताला घाबरायला शिकतो, आणि घाबरलेला कुत्राच बहुधा चावतो.

पहिले सोळा आठवडे

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणांनंतर १९६५ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा असतो. या काळात जे अनुभव सहजपणे वाट्याला येतात, ते पुढे आयुष्यभर सामान्य वाटतात. जे येत नाहीत, त्यांची भीती वाटू शकते. पिल्लू आईपासून फार लवकर तोडले, तर दातांचा जोर किती लावावा हे ते भावंडांकडून शिकत नाही. भारतात २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. खरेदी किंवा दत्तक, काहीही असो, ही वयोमर्यादा पाळणे हिताचे आहे.

येथे पालकांपुढे एक पेच उभा राहतो. पिल्लाच्या लसीकरणाची मालिका साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते आणि तोवर रस्त्यावर उतरवणे धोक्याचे असते. पार्व्होसारखा आजार जमिनीवरून सहज पसरतो. परंतु पिल्लाला चार महिने घरात कोंडून ठेवले, तर शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. यावर मार्ग असा, की पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर किंवा पिशवीत घेऊन जग दाखवावे. लिफ्टचा आवाज, रिक्षा, पुलावरून जाणारी मेट्रो, छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला पार्सलवाला, शाळेच्या गणवेशातील मुले, कुकरची शिट्टी आणि गणेशोत्सवातील ढोल-ताशा या गोष्टी दुरून, थोडा-थोडा वेळ आणि खाऊच्या सोबतीने अनुभवास याव्यात. लस घेतलेल्या, शांत स्वभावाच्या मोठ्या कुत्र्याशी घरातच भेट घडवावी.

एक शब्द, एक अर्थ

उपनगरातील घर बहुभाषिक असते. आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो, कामाला येणाऱ्या बाई ‘बैठ’ म्हणतात आणि घाटकोपरला शेजारच्या गुजराती घरात तोच कुत्रा ‘बेस’ ऐकतो. कुत्र्याला भाषा कळत नाही, ध्वनी कळतो. एका कृतीसाठी चार ध्वनी असतील, तर तो एकही नीट शिकत नाही आणि घरच्यांना मात्र तो हट्टी वाटतो. म्हणून पिल्लू घरी येण्यापूर्वीच ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’, ‘जागेवर’ असे पाच-सहा शब्द ठरवून त्यांची यादी फ्रिजवर लावावी. ती स्वयंपाकीण, कुत्र्याला फिरवणारा मुलगा आणि सुटीत राहायला येणारे पाहुणे या सर्वांना सांगावी. प्रत्येक शब्दासोबत हाताची ठरलेली खूणही करावी, कारण कुत्रे शब्दापेक्षा हालचाल लवकर टिपतात.

नियमांचेही तसेच आहे. वडील जेवताना ताटाजवळून हाकलतात आणि आजोबा गुपचूप पोळीचा तुकडा देतात, अशा घरात कुत्रा ताटाजवळून कधीच हटत नाही. कधीतरी मिळणारे बक्षीस हे नेहमी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधिक चिवट सवय लावते. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘झंजीर’ या लॅब्रेडॉरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले होते. अशा श्वानांना सांभाळणारी माणसे ठरलेली असतात, आज्ञा ठरलेल्या असतात आणि सराव रोजचा असतो. घरातील कुत्र्याकडून पराक्रमाची अपेक्षा नाही, पण सातत्याची गरज त्यालाही तितकीच आहे.

सरावाची सत्रे पाच मिनिटांचीच असावीत, दिवसातून तीन-चार वेळा. बक्षीस कृतीनंतर एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे, अन्यथा ते कशाबद्दल आहे हे कुत्र्याला उमगत नाही. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. गोड बिस्किटे, चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा-लसूण घातलेली भाजी कटाक्षाने टाळावी. चॉकलेट, द्राक्षे व कांदा हे पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात.

जागेची सवय

दोन महिन्यांचे पिल्लू लघवी जेमतेम दोन-तीन तास रोखू शकते. बाराव्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहत असताना त्याने जागेवरच विधी उरकला, तर दोष त्याचा नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्यावे आणि काम होताच तेथेच बक्षीस द्यावे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत न्हाणीघराचा किंवा बाल्कनीचा एक कोपरा ठरवता येतो. मात्र पिल्लू जागेइतकीच पायाखालची ‘पोत’ही लक्षात ठेवते. वर्तमानपत्रावर सवय लागलेला कुत्रा पुढे जमिनीवर पडलेल्या कोणत्याही वर्तमानपत्राचा तसाच उपयोग करतो. त्याऐवजी गवताची चटई वापरल्यास नंतर बाहेरच्या मातीवर जाणे त्याला सोपे पडते.

चूक झाल्यावर ओरडल्याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसांसमोर विधी करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्यामागे जाऊ लागते. डाग पुसताना अमोनियायुक्त द्रव वापरू नये, कारण त्याचा वास लघवीसारखाच असतो. घाणीचा वास मुळापासून घालवणारे एन्झाइमयुक्त द्रव अधिक उपयुक्त ठरतात. सवय पक्की झालेला मोठा कुत्रा अचानक घरात घाण करू लागला, तर आधी पशुवैद्य गाठावा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार ही त्यामागची कारणे असू शकतात.

कुरतडणे आणि दात लावणे

पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येण्याची प्रक्रिया साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पूर्ण होते. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चप्पल, रिमोट, टेबलाचा पाय यांत पिल्लाला फरक वाटत नाही. जुनी चप्पल खेळायला देऊन नव्या चपलेबद्दल रागावणे व्यर्थ आहे. मोलाच्या वस्तू आवाक्याबाहेर ठेवाव्यात आणि चघळण्यासाठी टणक रबरी खेळणी द्यावीत. खेळताना हाताला दात लागले, तर ओरडू नये की झटापट करू नये. खेळ तत्काळ थांबवून अर्धा मिनिट पाठ फिरवावी. दात लावले की खेळ संपतो, हा धडा पिल्लू काही दिवसांत घेते. पाहुण्यांच्या अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्यालाही हाच उपाय लागू पडतो. चारही पाय जमिनीवर असतानाच त्याचे कौतुक व्हावे.

भुंकण्यामागची कारणे

सोसायटीतील वादांचे एक नेहमीचे कारण म्हणजे भुंकणे. उपनगरातील घराची बेल दिवसभर वाजते. दूधवाला, कचरा नेणारा, इस्त्रीवाला, कुरिअर, वाणसामान पोहोचवणारा असे कोणी ना कोणी दाराशी येतच असते. यातील प्रत्येक जण दोन मिनिटांत निघून जातो. कुत्र्याच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे : परका आला, मी भुंकलो, तो पळाला. दिवसातून दहा वेळा त्याचे भुंकणे असे ‘यशस्वी’ होते. घरच्यांनी ‘गप्प बस’ म्हणून ओरडणे हे त्याला आपल्या भुंकण्याला मिळालेली साथ वाटते.

उपाय पावलोव्हच्या मार्गाने जातो. घरातीलच कोणी बेल वाजवावी आणि कुत्रा भुंकण्यापूर्वी त्याला दारापासून दूर, ठरलेल्या चटईवर नेऊन खाऊ द्यावा. प्रारंभी बेलचा आवाज हळू असावा किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकवावा. काही आठवड्यांच्या सरावाने बेलचा अर्थ ‘परका आला’ असा न राहता ‘चटईवर जावे’ असा होतो. खिडकीतून खाली पाहून भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी काचेच्या खालच्या भागावर अपारदर्शक कागद लावणे हाच सोपा उपाय आहे. कंटाळ्यातून भुंकणाऱ्याला अधिक फिरणे, वास घेण्याची मुभा आणि शोधून खाण्याचे खेळ लागतात.

एकटेपणाची व्यथा

सकाळी साडेसातची लोकल गाठणारी माणसे रात्री आठला परततात, तेव्हा कुत्रा बारा तास एकटा राहिलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात घरी आणलेल्या पिल्लांनी तर माणसे बाहेर जातात हेच पाहिले नव्हते. कार्यालये पुन्हा सुरू झाल्यावर अशा कुत्र्यांना एकटे राहणे जड जाणे स्वाभाविक होते. दार ओरबाडणे, सतत रडणे, लाळ गळणे, एरवी शिस्त असूनही घरात विधी होणे ही लक्षणे माणसे गेल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासातच दिसत असतील, तर तो खोडकरपणा नसून भीतीचा विकार असतो. घरी जुना मोबाइल चित्रीकरणासाठी ठेवून त्याची खातरजमा करता येते.

अशा कुत्र्याला शिक्षा करणे निरर्थक आहे. त्याला पिंजऱ्यात कोंडल्यास सुटण्याच्या धडपडीत तो स्वतःला इजा करून घेऊ शकतो. उपचार धीमा आहे. चपला घालाव्यात, किल्ली उचलावी आणि पुन्हा बसावे. मग दाराबाहेर दहा सेकंद, नंतर एक मिनिट, पाच मिनिटे असा कालावधी वाढवत न्यावा. कुत्रा अस्वस्थ होण्यापूर्वी परतावे. या काळात त्याला दीर्घकाळ एकटे ठेवू नये. शेजारी, नातेवाईक किंवा पाळणाघराची मदत घ्यावी. तीव्र त्रास असल्यास पशुवैद्यांच्या देखरेखीखाली औषधांचाही उपयोग होतो.

पट्टा, लिफ्ट आणि गल्लीतील कुत्रे

पट्टा ओढणारा कुत्रा ओढूनच पुढे जातो, म्हणजे ओढण्याचे बक्षीस त्याला पावलोपावली मिळत असते. पट्टा ताणला की थांबावे, सैल झाला की चालावे, हा नियम न कंटाळता पाळल्यास महिन्याभरात फरक पडतो. गळ्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस वापरल्यास घशाला इजा होत नाही. काटेरी किंवा आवळणाऱ्या पट्ट्यांनी कुत्रा तात्पुरता थांबतो, पण समोर दिसणाऱ्या माणसाशी किंवा कुत्र्याशी वेदनेचे नाते जोडतो आणि अधिक आक्रमक होऊ शकतो.

महापालिकेच्या २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे आढळले होते. प्रत्येक गल्लीत त्यांची हद्द ठरलेली असते. पाळीव कुत्र्याला घेऊन जाताना ती टाळणारा रस्ता निवडावा. समोरासमोर आल्यास पट्टा ताणू नये, पळू नये, थोडे वळण घेऊन अंतर वाढवावे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या मुलुंड, बोरिवली आणि आरे परिसरात रात्री कुत्र्याला मोकळे सोडू नये, कारण येथील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो. एप्रिल-मेमध्ये हाताचा तळवा डांबरावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे पायही भाजतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने त्याची लस चुकवू नये.

लिफ्टमध्ये जागा अरुंद आणि सुटकेचा मार्ग बंद असतो. शक्यतो रिकाम्या लिफ्टची वाट पाहावी, कुत्र्याला कोपऱ्यात बसवावे आणि स्वतः त्याच्या व इतरांच्या मध्ये उभे राहावे. भीती वाटणाऱ्या शेजाऱ्याला आधी जाऊ द्यावे. ‘आमचा काही करत नाही’ या आश्वासनापेक्षा आखूड धरलेला पट्टा अधिक विश्वासार्ह असतो.

फटाके आणि गुरगुरणे

दिवाळीत पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. भीती ही कृती नव्हे, भावना आहे. तिला बक्षीस देता येत नाही. घरातील आतली खोली, ओढलेले पडदे, पंख्याचा किंवा संगीताचा आवाज, अंधार पडण्यापूर्वी उरकलेला फेरफटका आणि घट्ट पट्टा एवढी तयारी असावी, कारण बिथरून पळालेले कुत्रे याच दिवसांत हरवतात. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात खाऊसोबत ऐकवण्याचा सराव दोन-तीन महिने आधी सुरू करावा. नुसती गुंगी आणणारे औषध शरीर सुस्त करते, भीती तशीच राहते. त्यामुळे औषध पशुवैद्यांनीच ठरवावे.

गुरगुरणे हा कुत्र्याचा इशारा असतो. त्याबद्दल मारल्यास तो इशारा देणे सोडतो आणि थेट चावतो. खाण्याच्या भांड्याजवळ गुरगुरणाऱ्याकडून भांडे हिसकावू नये. लांबून अधिक चांगला तुकडा त्यात टाकत जावे, म्हणजे माणूस जवळ येणे हे नुकसानीऐवजी लाभाचे लक्षण ठरते. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला, तर कानाचा संसर्ग, दातदुखी किंवा सांध्यांची वेदना तपासून घ्यावी. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचाच असतो. त्यामुळे मूल आणि कुत्रा यांना मोठ्यांच्या नजरेआड एकत्र ठेवू नये.

चावा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा राजावाडी, कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयात जावे आणि रेबीज लसीच्या सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

कायदा आणि शेजारधर्म

प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ मध्ये पाळीव कुत्र्याने घेतलेल्या चाव्याबद्दल न्यायालयाने २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. दुसरीकडे, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करून कुत्रे पाळण्यास किंवा लिफ्ट वापरण्यास सरसकट मनाई करता येत नाही. महापालिकेचा परवाना, वार्षिक रेबीज लस आणि रस्त्यावरची विष्ठा उचलणे ही मात्र मालकाचीच कर्तव्ये आहेत.

जातीवर खापर फोडणेही फारसे उपयोगी नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींविरुद्ध काढलेले परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले. आकार आणि ताकद यांमुळे चाव्याची तीव्रता बदलते हे खरे, पण संगोपनाकडे दुर्लक्ष झाल्यास लहानगा स्पिट्झही तितकाच चावरा होतो.

प्रशिक्षक नेमताना सावध राहावे, कारण या व्यवसायासाठी आपल्याकडे सक्तीचा परवाना नाही. जो कुत्र्याला घेऊन जाऊन ‘शिकवून आणतो’, त्याच्यापेक्षा जो घरातील सर्वांना समोर बसवून शिकवतो, तो अधिक उपयोगाचा. कुत्र्याने चूक केल्यास आपण काय करता, हा प्रश्न त्याला पहिल्याच भेटीत विचारावा. उत्तरात मार, झटका किंवा उपाशी ठेवणे आले, तर दुसरा प्रशिक्षक शोधावा. गंभीर आक्रमकतेच्या बाबतीत आधी पशुवैद्यांकडून तपासणी आणि मग प्रशिक्षण, हाच क्रम योग्य.

प्रशिक्षणासाठी वय कधीच उलटून जात नाही. दत्तक घेतलेला पाच वर्षांचा देशी कुत्राही शिकतो, फक्त वेळ अधिक लागतो. घरात ठरलेले शब्द, ठरलेल्या वेळा आणि सर्वांनी पाळलेला एकच नियम एवढ्या भांडवलावर तो सदनिकेत, लिफ्टमध्ये आणि शेजाऱ्यांच्या मनातही आपली जागा मिळवू शकतो.